बालहत्येचे वृत्तान्त आणि एक गैरहजर माणूस

१

मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, चार-सहा ओळींची एक बातमी अधूनमधून येत असते. कचराकुंडीत, नाल्याच्या काठी किंवा एखाद्या स्वच्छतागृहात नवजात अर्भक सापडते, पोलीस येतात, पंचनामा होतो, आणि 'अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल' या वाक्याने बातमी संपते. मूल मृत असेल तर मथळ्यात 'निर्दयी माता' येते आणि मजकुरात 'मातृत्वाला काळिमा फासणारी घटना' हे शब्द जवळजवळ ठरलेलेच. ही वाक्ये आपल्या इतकी सवयीची झाली आहेत की त्यांतील एक विसंगती ध्यानात येत नाही. बारा वर्षांखालील मूल टाकून देण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या ३१७ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ९३ व्या कलमात आहे. हा गुन्हा कोणाकडून घडू शकतो हे सांगताना कायदा बाप आणि आई दोघांनाही धरतो, आणि त्यात बापाचा उल्लेख आधी येतो. बातमीत अज्ञात असते ती माता. बाप अज्ञातही नसतो; तो मुळी नसतोच.

या बातमीला एक वंशावळ आहे आणि मराठी मुलखात ती निदान दीडशे वर्षे मागे नेता येते. आम्ही साहित्याचे वाचक. न्यायवैद्यक किंवा गुन्हेशास्त्र यांत आमची गती नाही. पण आईने स्वतःच्या मुलाचा जीव घेतला हे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा घटनेचे कथन होते, आणि कथन कसे रचले जाते हे पाहणे तर आमचेच काम आहे. कोणत्याही कथनात पहिला निर्णय असतो तो आरंभ कोठे करायचा याचा. बाळंतपणाच्या रात्रीपासून आरंभ केला तर रंगभूमीवर दोनच पात्रे असतात, एक बाई आणि एक मूल. आरंभ नऊ महिने मागे नेला की तिसरे पात्र आत येते. आणखी मागे नेला तर न्हावी, पुरोहित, दीर, सासरा, शेजारी, सगळे गावच आत येते. बालहत्येच्या वृत्तान्तांत दोषी कोण हे पुष्कळदा पुराव्यापेक्षा या आरंभबिंदूवरून ठरलेले असते, असे आम्हांस दिसते. हेच येथे काही जुन्या मजकुरांच्या आधारे तपासावयाचे आहे.

२

आपल्या विद्यापीठांत इंग्रजी किंवा जर्मन साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बालहत्येचा आरोप आलेल्या निदान दोन तरुणी ठाऊक असतात. एक गटेच्या 'फाउस्ट'मधील ग्रेचेन, दुसरी जॉर्ज एलियटच्या 'ॲडम बीड' (१८५९) मधील हेटी सोरेल. दोघींच्या मागे खरे खटले आहेत. फ्रँकफुर्टमध्ये सुझाना मार्गारेटा ब्रांट या खानावळीतील मोलकरणीचा १७७२ साली शिरच्छेद झाला, तेव्हा तरुण गटे त्याच शहरात होता. मेरी व्होस हिला १८०२ साली नॉटिंगहॅम येथे फाशी दिले गेले. फाशीच्या आदल्या रात्री तिच्यासोबत तुरुंगात बसलेली मेथडिस्ट प्रचारिका पुढे जॉर्ज एलियटची चुलती झाली, आणि कादंबरीचे बीज तिने सांगितलेल्या आठवणीत आहे.

त्या काळच्या कायद्याचा आरंभबिंदू कोणता होता हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १६२४ साली झालेल्या कायद्यानुसार, अविवाहित स्त्रीने आपल्या मुलाचा मृत्यू लपवला तर तो खूनच समजला जाई. मूल मृतच जन्मले होते हे तिने साक्षीदारानिशी सिद्ध केले तरच तिची सुटका. आता, चोरून झालेल्या बाळंतपणाला साक्षीदार आणायचा कोठून? हा कायदा १८०३ साली रद्द झाला, म्हणजे पावणेदोनशे वर्षे तो चालू होता. त्याचे कथन सुरू होते ते लपवलेल्या प्रेतापासून. त्याच्या आधीचे काहीही त्याला ऐकायचे नसते.

गटे आणि एलियट यांनी काय केले? त्यांनी आरंभ मागे नेला. 'फाउस्ट'मध्ये आधी दागिन्यांची पेटी येते, मग भेटीगाठी, मग आईला द्यावयाचे झोपेचे औषध. मूल फार उशिरा येते. 'ॲडम बीड'मध्ये गढीचा तरुण वारस आर्थर डॉनिथॉर्न अर्धे पुस्तकभर आपल्यासमोर हिंडत असतो. वाचक न्यायाधीशाच्या आधी तेथे पोचलेला असतो. मात्र येथे एक नोंद करून ठेवणे आवश्यक आहे. १७८३ साली वायमारच्या दरबारात, बालहत्येसाठी देहान्त शिक्षा ठेवावी की नाही हा प्रश्न आला, तेव्हा मंत्री या नात्याने गटेने ती ठेवावी असेच मत दिले, आणि योहाना होन या तरुणीचा त्याच वर्षी शिरच्छेद झाला. ग्रेचेनचा कवी आणि हा मंत्री एकच गृहस्थ. साहित्यातील करुणा आपोआप न्यायात उतरत नाही, हे आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

ग्रेचेन आणि हेटी यांच्यावर निबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला काशीबाई आणि विजयालक्ष्मी ही नावे मात्र बहुधा ठाऊक नसतात. तिकडे आता वळू.

३

१८८४ साली मुंबईचे पारशी सुधारक व पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे काढली आणि ती अनेकांकडे अभिप्रायासाठी पाठवली. जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी जो अभिप्राय दिला, त्यात काशीबाईची हकीकत आहे. तिचा गोषवारा असा. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची गरीब, तरुण, चांगल्या घराण्यातील ब्राह्मण विधवा कामाला होती. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिला नादी लावण्याचा प्रयत्न केला. तिने आधी विरोध केला, शेवटी ती बळी पडली आणि गरोदर राहिली. शास्त्रीबुवांच्याच सांगण्यावरून तिने गर्भपातासाठी नाना विषारी औषधे घेतली. ती निष्फळ ठरली. नऊ महिन्यांनी मुलगा झाला. अब्रूच्या भयाने तिने सुरीने त्याचा जीव घेतला आणि प्रेत गोवंड्यांच्या घरामागील विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला संशयावरून पकडले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ही हकीकत सांगताना फुल्यांनी आरंभ कोठे केला आहे ते पाहावे. तो ना विहिरीपाशी आहे, ना सुरीपाशी. तो शेजारच्या घरात आहे. आधी शास्त्रीबुवा, मग विरोध, मग औषधे, मग मूल. कोर्टाच्या दृष्टीने यांपैकी शेवटचा भागच महत्त्वाचा होता. फुल्यांच्या कथनात तो भाग वगळलेला नाही, सौम्यही केलेला नाही. सुरी आहे, विहीर आहे, मूल देखणे होते हेही आहे. पण तो भाग कारणांच्या रांगेत शेवटी उभा आहे. कृत्याचे कारणही त्यांनी एकच दिले आहे: ब्राह्मण समाजात आपले नाव जाऊ नये एवढ्यासाठीच तिने हे केले.

तरीही या मजकुरातील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. काशीबाईला नाव आहे. घरमालक गोवंड्यांना नाव आहे. शास्त्रीबुवांना नाव नाही. पुरुषाला वृत्तान्तात ओढून आणण्याची हिंमत ज्याने दाखवली, त्याच्याही मजकुरात तो पुरुष निनावीच राहतो. शिक्षा झालेल्या बाईचे नाव सरकारी दप्तरात जाते आणि तेथून इतिहासात येते. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याचे नाव येणार कोठून? इतिहासाची साधनेच अशी तयार होतात की निरपराध ठरवलेला माणूस त्यांतून आपोआप गळून पडतो.

या हकीकतीचा पुढचा भाग सुपरिचित आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि त्याची छापील पत्रके ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवली. मूल तेथे गुपचूप जन्माला यावे, आईची इच्छा असेल तर तिने ते घेऊन जावे, नसेल तर ठेवून जावे. आमच्या मते ही पत्रके या विषयावरील मराठीतील फार महत्त्वाचा मजकूर आहेत. बाकीचे सारे मजकूर घटना घडून गेल्यावर लिहिले गेले. हा एकच घटनेच्या आधी लिहिला गेला, आणि त्याचा वाचक होती ती स्वतः ती बाई.

पण येथेही घाईने समाधान मानू नये. त्याच अभिप्रायात फुल्यांनी आकडे दिले आहेत. तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांची पाच मुले हयात होती, तीस मृत्यू पावली होती. कारण त्यांनी स्पष्ट लिहिले आहे: गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भात झालेली इजा. म्हणजे दार उघडे होते, पण दारापर्यंत येण्याआधी गाव आपले काम करून गेलेले असे. शाळांतून आणि भाषणांतून या गृहाचा गौरव होतो तेव्हा पस्तीस हा आकडा ऐकू येतो. तीस हा आकडा क्वचितच.

आणखी एक बदल नोंदवण्याजोगा आहे. फुले दांपत्याने १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली. नंतरच्या लोकप्रिय कथनांत यशवंताच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जाते, आणि हळूहळू दोन काशीबाईंची एकच होते. वाचकाच्या मनात मग विहिरीतले मूल वाचते आणि मोठे होऊन डॉक्टर बनते. हे घडणे स्वाभाविक आहे. आपल्याला बचावाची कथा हवी असते. पण फुल्यांनी लिहिलेल्या हकीकतीतले मूल वाचलेले नाही आणि त्याची आई परत आलेली नाही. त्या दोघांना त्यांची कथा परत दिली पाहिजे.

४

काशीबाईनंतर सुमारे अठरा वर्षांनी, १८८१ च्या एप्रिलात, सुरतेच्या सेशन कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. ती ओलपाडची, वय चोविसाच्या आसपास. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाचा खून केल्याबद्दल तिला फाशी सुनावण्यात आली. दंडसंहितेच्या ३०२ व्या कलमात खुनासाठी फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी असे दोन पर्याय होते. सुरतेच्या न्यायाधीशाने पहिला निवडला. पुढे मुंबई उच्च न्यायालयात फाशी रद्द होऊन काळे पाणी झाले, आणि नंतर सरकारने ती शिक्षाही पाच वर्षांवर आणली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा होऊन पंचवीस वर्षे लोटली होती. कायद्याने विधवेला लग्न करता येत होते. गावात राहून ते करता येत नव्हते. या दोहोंच्या मधल्या फटीत विजयालक्ष्मी सापडली.

एका गोष्टीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असे वाटते. ज्या मुंबई इलाख्यात हा खटला झाला, त्याच इलाख्याच्या सरकारला बालहत्या हा विषय नवा नव्हता. १८०८ साली कर्नल वॉकर यांनी काठेवाडात जाडेजा रजपूत प्रमुखांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले होते, आणि १८७० साली हिंदुस्थान सरकारने स्त्री-बालहत्या प्रतिबंधाचा कायदाच केला. त्या कायद्यात जन्मनोंदीची सक्ती होती आणि संशयित वस्तीवर तिच्याच खर्चाने पोलीस बसवण्याची तरतूद होती. म्हणजे मुलगी मारली जाते तेव्हा जबाबदार कूळ आहे, घर आहे, त्याचे पुरुष प्रमुख आहेत, हे सरकारला नीट कळत होते. विधवेच्या मुलाचा प्रश्न आला की तेच सरकार एका बाईला पिंजऱ्यात उभे करी. पहिल्या ठिकाणी 'रूढी' दिसली, दुसऱ्या ठिकाणी 'गुन्हा'. वस्तुतः दोन्ही ठिकाणी मूल घराच्या अब्रूसाठीच मरत होते.

शिक्षेच्या बातमीनंतर इलाख्यातील वृत्तपत्रांत वादळ उठले. सुधारक म्हणाले, पुनर्विवाहाची बंदी हेच मूळ. विरोधकांनी स्त्रियांच्या वाढत्या स्वैरपणावर, नव्या शिक्षणावर आणि एकूण स्त्रीस्वभावावर झोड उठवली. 'पुणेवैभव' या पत्राचा सूर त्यात विशेष कडवा होता. एका बाईच्या खटल्यावरून सगळ्या बायकांचा खटला सुरू झाला.

५

त्या खटल्यात साक्ष द्यायला एक बाई न बोलावता आली. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. ताराबाईंचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटे पुस्तक १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

पुस्तक आज अभ्यासक्रमांत आहे, त्याचे उतारे वेच्यांत आहेत. पण ते कशातून निर्माण झाले हे सांगताना विजयालक्ष्मीचे नाव एका वाक्यात उरकले जाते. आमच्या मते हे पुस्तक बालहत्येच्या वृत्तान्ताला दिलेले उत्तर म्हणून वाचले, तर त्याच्या शीर्षकाचा अर्थ वेगळा लागतो. 'तुलना' हा शब्द आपण आज समानतेच्या अर्थाने घेतो. ताराबाईंच्या हाती ती एक न्यायालयीन युक्ती आहे. वृत्तपत्रांनी स्त्रियांवर जे जे आरोप ठेवले, साहस, कपट, अविचार, कामुकता, ते त्या एकेक करून हाती घेतात आणि प्रत्येक वेळी एकच विचारतात: हे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय? आरोप खोटा आहे असे सिद्ध करण्याच्या फंदात त्या फारशा पडत नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी एक माणूस उभा करतात. जो वृत्तान्तातून गैरहजर होता त्याच्या नावे समन्स काढणे, एवढेच त्या पुस्तकाचे काम आहे आणि ते पुरेसे आहे.

आरंभबिंदूही त्यांनी आणखी मागे नेला. फुल्यांची हकीकत शास्त्रीबुवांपासून सुरू होते. ताराबाईंची त्याही आधी, जेथे बायको मेलेल्या पुरुषाला लगेच दुसरी करता येते आणि नवरा मेलेल्या बाईला केस उतरवून कोपऱ्यात बसवले जाते, तेथून. ही बंदी आता केवळ ब्राह्मणांत राहिलेली नाही, इतर उच्च म्हणवणाऱ्या जातींतही शिरली आहे, हेही त्या सांगतात. पुरुषाने फसवायचे, नंतर हात झटकायचे आणि शिवाय निवाडाही त्यानेच करायचा, ही त्यांच्या रागाची खरी जागा आहे. सभांतून भाषणे करणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा. ताराबाई वृत्तपत्रांवर थांबत नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' अशा त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांवरही त्या बोट ठेवतात. लेखक स्त्रियांची जी चित्रे काढतात ती वाचून लोक खऱ्या स्त्रियांचा न्याय करतात, हे त्यांना उमगले होते. गुन्ह्याची बातमी आणि मनोरंजनाची कथा एकाच साच्यातून निघतात ही जाणीव मराठीत इतक्या लवकर, आणि तीही बुलढाण्यासारख्या गावी बसून, व्यक्त झालेली आहे.

पुस्तकाचे पुढे काय झाले? त्याच्यावर टीका झाली, अगदी सुधारक गोटातूनही. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षे उलटून गेली होती. साक्ष दिली गेली होती, नोंदवायला कोणी नव्हते.

६

आता थोडे साच्यांविषयी. मूल मारणारी आई वृत्तान्तात येते ती बहुधा तीन रूपांत: राक्षसी, वेडी किंवा बिचारी. राक्षसी हे बातमीचे रूप. बिचारी हे सुधारकाचे. वेडी हे रूप कायद्याने अधिकृत केले. इंग्लंडमध्ये १९२२ साली आणि पुढे सुधारून १९३८ साली असा कायदा झाला की, बाळंतपणातून किंवा अंगावर पाजण्यातून सावरली नसल्यामुळे जिच्या मनाचा तोल ढळला आहे, अशा आईने आपले मूल मारले तर तो खून न मानता वेगळा, कमी शिक्षेचा गुन्हा मानावा. १९३८ च्या कायद्यात मुलाच्या वयाची मर्यादा बारा महिने ठेवली गेली. हा कायदा हिंदुस्थानात आला नाही. आजही आपल्या संहितेत असा वेगळा गुन्हा नाही. खुनाचे कलम आहे, आणि जन्म लपवण्याचे आहे.

इंग्लंडचा कायदा निश्चितच दयाळू आहे, आणि प्रसूतीनंतरचे मनोविकार खरे असतात, जीवघेणे असू शकतात. ते ओळखून वेळेवर उपचार झाले तर आई आणि मूल दोघेही वाचू शकतात. याबद्दल दुमत नाही. प्रश्न कथनाचा आहे. या कायद्याचा आरंभबिंदू प्रसूतिवेदनांपाशी आहे. त्याआधीचे नऊ महिने, ती खोली, तो माणूस, ते गाव यांना त्यात जागा नाही. बाईला क्षमा मिळते ती तिचे डोके ठिकाणावर नव्हते या अटीवर. काशीबाईचे डोके ठिकाणावर होते. समाज आपल्याशी कसा वागेल याचा तिने केलेला हिशेब भयंकर होता, पण चुकीचा नव्हता. तिला वेडी म्हणणे म्हणजे त्या समाजाला शहाणा ठरवणे होय.

बिचारी हे रूपही अपुरेच. ज्याची कीव करायची त्याला बोलू द्यावे लागत नाही. आणि येथे आपल्या परंपरेची आठवण होते. महाभारतातली गंगा सात मुले पाण्यात सोडते, शंतनू गप्प राहतो, आणि आठव्या वेळी त्याने अडवल्यावर ती आपले कारण सांगून मगच निघून जाते. ग्रीक रंगभूमीवर इसवी सनापूर्वी ४३१ साली उभी राहिलेली युरिपिडीसची मीडिया मुलांना मारण्याआधी स्वतःशी वाद घालते. पुराणकथेने आणि शोकान्तिकेने या बायकांना भाषा दिली होती. सत्यकथेचा दावा करणाऱ्या मजकुरांनी, मग ते कोर्टाचे असोत, पत्रांचे असोत की उपकारकर्त्यांचे, ती काढून घेतली. काशीबाईची हकीकत सांगतात फुले. विजयालक्ष्मीची सांगतात न्यायाधीश आणि संपादक.

७

मराठी साहित्याने या गैरहजर माणसाला खरोखर हेरले ते १९६७ साली रंगायनने रंगमंचावर आणलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात. लीला बेणारे हिच्यावर खेळातल्या कोर्टात ठेवलेला आरोप आहे भ्रूणहत्येचा, कलम तेच, ३०२. नाटक आपण बहुधा मध्यमवर्गाच्या दंभाचे किंवा झुंडीच्या क्रौर्याचे म्हणून शिकवतो. ते बालहत्येच्या वृत्तान्तांच्या रांगेत ठेवून पाहावे. प्राध्यापक दामले, मुलाचा बाप, त्या संध्याकाळी आलेलेच नाहीत. त्यांच्याविषयी सारे बोलतात, त्यांना कोणी बोलावून आणत नाही. बेणारेचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात, पण रंगमंचावरची माणसे त्या वेळी थिजलेली असतात. कोर्टाच्या कामकाजात त्यातला एक शब्दही जात नाही. आणि शेवटी काशीकर निवाडा देतात तो हा, की आई जगेल, पोटातला गर्भ मात्र नष्ट केला जाईल. ज्या हत्येचा आरोप बाईवर ठेवला होता, ती हत्या कोर्टच फर्मावते. आरोपी कोण होता याचा एवढा उघड कबुलीजबाब आपल्या वाङ्मयात दुसरा नसावा. फुल्यांच्या तीस मुलांचे जे झाले तेच येथे निवाड्याच्या भाषेत सांगितले आहे.

दरम्यान कायदा बदलला. १९७१ साली गर्भपाताला वैद्यकीय कारणांसाठी मान्यता मिळाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ मधील निकालानंतर अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ घेता येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने आई-बापाला, सांभाळणे अशक्य असेल तर, मूल बाल कल्याण समितीकडे सोपवण्याची वाट दिली आहे, आणि फेरविचारासाठी दोन महिनेही दिले आहेत. पुण्याच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवलेल्या त्या पत्रकाचा आशय आता कलमांत आहे. मग कचराकुंडीतील मुले का सापडतात? पत्रक बाईपर्यंत पोचत नाही म्हणून, आणि पोचले तरी घरातून निघून तेथवर जाताना तिला कोणी पाहील म्हणून.

आम्ही शिक्षकमित्रांना एक सुचवू इच्छितो. 'स्त्रीपुरुषतुलना' शिकवताना तिच्यासोबत फुल्यांचा १८८४ चा अभिप्राय आणि त्या आठवड्याच्या वृत्तपत्रातील अशी एखादी चार ओळींची बातमी वर्गात वाचावी. तिन्ही मजकुरांना एकच प्रश्न विचारावा: हा वृत्तान्त कोठून सुरू होतो? मग विद्यार्थ्यांना ती बातमी पुन्हा लिहायला सांगावी, फक्त आरंभ नऊ महिने आधी करून. कोणाचेही नाव माहीत नसताना, काहीही कल्पित न घालता, कायद्याच्या कलमाइतकेच शब्द वापरून ती लिहिता येते. 'अज्ञात माता-पित्याविरुद्ध गुन्हा दाखल.' एका शब्दाचा फरक आहे. तो शब्द लिहायला आपल्याला दीडशे वर्षे पुरली नाहीत.